बोटं आखडलेली असताना डोळ्यात थेंब कसे घालायचे

डोळ्यांच्या थेंबांची ५ मिलीची बाटली अंगठ्याहून फार मोठी नसते. तिचं झाकण सुपारीहून लहान आणि नवीन असताना चांगलंच घट्ट. ते चिमटीत धरून फिरवायचं, बाटली उलटी करून हात चेहऱ्यावर तोलून धरायचा, दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढायची आणि दोन बोटांनी नेमका एवढाच दाब द्यायचा की एकच थेंब पडेल. धडधाकट हातांना हे काही सेकंदांचं काम. अंगठ्याच्या मुळाशी झीज झालेल्या किंवा आमवाताने बोटं वाकलेल्या माणसाला मात्र यातली प्रत्येक पायरी वेगवेगळी नडते. घरात त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो: “आई थेंब घालायला विसरते.” आई विसरत नाही. झाकण उघडत नाही, कुणाला हाक मारायचा संकोच वाटतो, आणि तो थेंब राहून जातो.

हात आणि डोळे एकाच वेळी बिघडतात, हा नुसता वयाचा योगायोग नव्हे. आमवातात अश्रुग्रंथींवरही परिणाम होऊ शकतो. डोळे कोरडे पडतात आणि दिवसातून चार-सहा वेळा वंगणाचे थेंब घालावे लागतात. आमवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या असतील तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि काहींच्या डोळ्यातला दाबही वाढतो. म्हणजे ज्यांची बोटं सगळ्यांत जास्त दुखतात, त्यांच्याच वाट्याला जास्त बाटल्या येतात. काचबिंदूत तर डोळ्यातला दाब उतरवणारे थेंब जन्मभराचे असतात. तिथे थेंब चुकला तर त्या दिवशी काही दुखत नाही, काही दिसत नाही, आणि कडेची नजर हळूहळू जात राहते. गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच हातांचा प्रश्न इथे बारीकसारीक म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

चिमूट सोडा, मूठ वापरा

अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांनी एखादी वस्तू चिमटीत दाबली की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर टोकावरच्या दाबाच्या सुमारे बारापट भार येतो. हाताच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांनी काढलेला हा हिशोब जुना आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. टोकाला १ किलोचा जोर लावला तर मुळाशी १२ किलोच्या आसपास. त्या सांध्यातली कूर्चा झिजलेली असेल तर कळ थेट मनगटापर्यंत जाते. चिमूट आपोआप सुटते आणि थेंब गालावर पडतो. पुढच्या वेळी माणूस भीतीने जास्त जोर लावतो आणि एकदम तीन थेंब पडतात.

तेव्हा सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दाब बोटांच्या टोकांवरून काढून तळव्यावर, आणि जमल्यास दंड-खांद्यांवर न्यायचा. खाली जे काही आहे ते याच दिशेने जातं.

झाकण

नव्या बाटलीची पहिली उघडणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. घरात कुणी नसेल तर औषधाच्या दुकानातच सांगावं, मात्र औषध त्याच दिवशी सुरू करायचं असेल तरच. सील मोडल्यावर झाकणाखालची प्लॅस्टिकची कडी बाटलीच्या मानेवर सैल राहते. ती काढून टाका. बाटली उलटी केली की ती घसरून डोळ्यात पडू शकते.

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या झाकणात आतून एक अणकुचीदार खिळा असतो. नोझलला, म्हणजे थेंब पडतो त्या टोकाला, सुरुवातीला भोक नसतं. झाकण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने शेवटपर्यंत आवळलं की तो खिळा भोक पाडतो. हे ठाऊक नसलं की माणूस झाकण काढून बाटली दाबत बसतो, थेंब काही येत नाही, आणि मग घरातली सुई किंवा टाचणी पुढे येते. सुईने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं. थेंबाचा आकार बिघडतो, औषध ओघळतं, जंतू आत जातात ते वेगळंच. कधी प्लॅस्टिकचा कण सुटून डोळ्यातही जाऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा ज्यांच्या हातात जोर आहे त्यांनी झाकण पूर्ण आवळून भोक पाडून द्यावं, एक थेंब वाटीत पाडून बघावा, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. साध्या, म्हणजे जंतू वाढू नयेत म्हणून संरक्षक द्रव्य घातलेल्या, बाटल्या उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यायच्या असतात. एखाद्या बाटलीच्या वेष्टनावर वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळायची.

त्यानंतर रोजच्या वापरात झाकण कधीही करकचून लावू नये. झाकणाच्या आतला भाग नोझलवर टेकला की काम झालं, शेवटचा हिसका नको. बाटली नेहमी उभी ठेवली, एखाद्या छोट्या स्टीलच्या पेल्यात, तर हलकं लावलेलं झाकण पुरतं आणि दुसऱ्या दिवशी उघडताना हात दुखत नाही.

झाकणाला पकड हवी असेल तर रुंद रबरबँड तीन-चार वेढ्यांत घट्ट गुंडाळा. भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचं बोट कापून ते झाकणावर चढवलं तरी चालतं. तेवढ्यानेही झाकण फिरत नसेल तर अक्रोड फोडायचा दातेरी चिमटा वापरा. एका हाताची पूर्ण मूठ चिमट्याच्या दांड्यांवर, बाटली दुसऱ्या तळव्यात, आणि चिमटा न फिरवता बाटली फिरवायची. स्वयंपाकघरातली सांडशी झाकण सैल करायला चालते, पण तिचं तोंड पातळ असतं, आधी झाकणावर रबर हवंच. आणि हे सगळं ओट्यावर किंवा टेबलावर. सांडशी, चिमटा, पक्कड यातलं काहीही चेहऱ्याजवळ न्यायचं नाही. दातांनी झाकण उघडणारे पुष्कळ आहेत. तोंडातले जंतू डोळ्यात न्यायचा याहून जवळचा रस्ता नाही.

रबरबँडचा आणखी एक उपयोग आहे. काचबिंदूच्या रुग्णाकडे दोन-तीन बाटल्या असतात आणि त्या एकसारख्या दिसतात. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, दोन वेळच्या बाटलीला दोन. चष्मा नसताना, उजेड नसताना हाताला कळतं. झाकणाच्या रंगावर विसंबू नये, कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. कानाचे थेंब आणि झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या नळ्या त्याच खणात कधीही ठेवू नयेत. आकार इतका सारखा असतो की घाईत हात चुकतो.

बाटली दाबली की आत काय होतं

थेंब बाटलीतल्या हवेच्या दाबाने बाहेर येतो. भरलेल्या बाटलीत हवा कमी असते, थोडं दाबलं तरी दाब चढतो. बाटली अर्धी-पाऊण रिकामी झाली की तेवढाच दाब आणायला ती जास्त आत दाबावी लागते. महिन्याच्या शेवटी “आता हात जास्तच दुखायला लागले” असं वाटतं, त्यात काही भाग बाटलीचा असतो.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीचं प्लॅस्टिक ताठर असतं, दाबायला जड जातं. ती पाच मिनिटं बाहेर ठेवा. पण ती गार असतानाच मुठीत घट्ट धरून लगेच उलटी केलीत तर उलटाच प्रकार होतो. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि न दाबता थेंब गळायला लागतात. बाहेर ठेवून, एकदा सुलटी धरून, मग उलटी करावी.

दाबायची जागा बाटलीच्या पोटाच्या मधोमध. तळाशी प्लॅस्टिक जाड असतं, खांद्याशी वक्र असतं; दोन्हीकडे जोर वाया जातो. उलटी केल्यावर क्षणभर थांबा, द्रव नोझलपर्यंत उतरू द्या. बाटली तिरकी न धरता सरळ खाली तोंड करून धरली तर थेंब दर वेळी सारखा पडतो.

संरक्षक द्रव्य नसलेल्या, अनेक वेळा वापरायच्या बाटल्यांत नोझलला झडप किंवा गाळणी असते. त्यातल्या पुष्कळ बाटल्या दाबायला चांगल्याच जड लागतात. डोळ्यासाठी ते औषध उत्तम असेल, पण तुमच्या हाताला ती बाटली झेपते का हे एक महिना वापरून डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

पकडीचे तीन प्रकार

कुठली पकड कुणाला, हे सांध्यांवर अवलंबून आहे.

फक्त अंगठ्याच्या मुळाशी झीज असेल आणि बाकीची बोटं ठीक वळत असतील तर बाटली खलबत्त्यातला बत्ता धरतो तशी धरा. बाटली मुठीत, नोझल करंगळीच्या बाजूने खाली बाहेर आलेलं. दाब अनामिका, करंगळी आणि मधलं बोट तळव्याकडे आवळून द्यायचा. अंगठ्याला यात काहीच काम नाही, तो सैल राहू द्या. दुसऱ्या हाताची मूठ करून तिची बोटांची पेरं गालाच्या हाडावर टेकवा आणि त्याच पेरांनी खालची पापणी किंचित खाली सरकवा. पापणी चिमटीत धरायची गरजच नाही. बाटलीची मूठ या मुठीवर टेकवा. आता दोन्ही हात चेहऱ्याला टेकलेले आहेत. हात थरथरला तरी चेहरा आणि बाटली एकत्र हलतात आणि नेम चुकत नाही. नोझल डोळ्यापासून १ ते २ सेंटीमीटर वर. पापणीला, केसांना, बुबुळाला ते शिवता कामा नये. शिवलं तर डोळ्यावरचे जंतू बाटलीत जातात.

आमवाताने बोटं करंगळीकडे झुकली असतील, मूठच वळत नसेल, तर ही पकड जमणार नाही. तिथे नमस्काराची पकड वापरा. पलंगावर पाठीवर सपाट झोपा, दोन्ही कोपरांखाली एकेक उशी घ्या. दोन्ही तळवे एकमेकांसमोर, करंगळीची कड चेहऱ्याकडे, बोटं कपाळाच्या दिशेने. बाटली दोन तळव्यांच्या मधे, करंगळीच्या कडेजवळ, नोझल खाली बाहेर काढलेलं. करंगळ्या कपाळावर टेकवा. आता बोटांनी काही करायचं नाही, दोन्ही तळवे एकमेकांकडे ढकलायचे. जोर छातीतून आणि खांद्यांतून येतो, बोटांचा एकही सांधा वळत नाही. बाटली घसरत असेल तर तिच्या पोटावर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो.

पण मग पापणी कोण ओढणार? कुणीच नाही. डोळे मिटून घ्या. नाकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे झोपल्यावर छोटासा खळगा तयार होतो, तिथे एक थेंब पाडा. मग डोळा उघडा, दोन-तीनदा हलकेच उघडझाप करा. थेंब आपोआप आत जातो. थोडं औषध कडेने ओघळतं, त्याने घाबरू नये. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलीटर औषध असतं आणि डोळ्यात कसंबसं ३० मावतं. मात्र पापण्यांवर आधी चिकट घाण, काजळ किंवा घाम असेल तर तो औषधाबरोबर आत जाईल, म्हणून चेहरा आणि डोळ्यांचे कोपरे आधी स्वच्छ हवेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात ही पद्धत चालेल का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

झोपून घालण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दीर्घकाळच्या आमवातात मानेच्या अगदी वरच्या मणक्यांचा सांधा सैल झालेला असू शकतो. खुर्चीत बसून मान जोरात मागे टाकणं अशा माणसाला धोक्याचं आहे. मणक्यांची झीज असलेल्यांना त्याने चक्कर येऊ शकते. आडवं व्हा, मान सरळ राहू द्या.

तिसरा प्रकार तरफेचा. १५ सेंटीमीटर लांबीच्या दोन सपाट लाकडी पट्ट्या घ्या, जाड फूटपट्टीचे तुकडे चालतील. कडा सॅंडपेपरने गोल करा. एका टोकाला दोन्ही पट्ट्यांच्या मधे खोडरबर ठेवून वरून रबरबँड घट्ट बांधा. खोडरबराची जाडी बाटलीच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण २ सेंटीमीटर, हवी. ती कमी असली तर पट्ट्या बाटलीला तिरक्या टेकतात आणि बाटली पुढे सटकते. बाटली या बिजागरीपासून ४ सेंटीमीटरवर बसवा, पट्ट्या आणि बाटली मिळून एक रबरबँड घाला, म्हणजे ती जागा सोडणार नाही. मोकळ्या टोकांपाशी, १२ सेंटीमीटरवर, हाताने दाबलं की लागणारा जोर सुमारे एक तृतीयांश होतो. मोकळी टोकं कानाच्या बाजूला ठेवा, नाकाकडे नको. धोका एकच: दाब इतका हलका होतो की सवय नसताना धार लागते. आधी बेसिनवर, साध्या वंगण-थेंबांच्या बाटलीवर, दहा-बारा वेळा एकेक थेंब पाडून पाहा.

याच तत्त्वावरची तयार साधनं मिळतात. इंग्लंडच्या ओवेन ममफर्ड कंपनीचं ऑटोस्क्वीझ म्हणजे बाटलीभोवती बसणारे दोन पंख, ते मुठीने दाबायचे. त्यांचंच ऑटोड्रॉप बाटलीला अडकवून डोळ्याच्या खोबणीवर टेकवतात, त्याने नेम चुकत नाही. विकत घेण्याआधी आपली अडचण नेमकी कुठली ते ठरवा. नेम साधतो पण दाब जमत नाही अशांना ऑटोड्रॉपचा उपयोग नाही. आणि स्वतःची बाटली त्यात बसते का ते पाहूनच घ्या, गोल बाटलीचं साधन चपट्या बाटलीला बसेलच असं नाही. परदेशात मुलांकडे राहणाऱ्यांनी तिथल्या औषधाच्या दुकानात विचारावं.

दोन गोष्टी टाळा. बाटलीवर जाड स्पंज गुंडाळला की धरायला बरं वाटतं, पण दाब स्पंजच खातो आणि हात जास्त थकतो. कपडे वाळत घालायचा चिमटा बाटलीला लावून पाहणारेही आहेत. तो स्प्रिंगने सतत आवळत राहतो आणि दाब आपल्या हातात राहत नाही, सगळी बाटली गळून जाते.

थेंब पडल्यावर

डोळा हलकेच मिटून दोन मिनिटं ठेवा, घट्ट आवळू नका. पुस्तकात नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून ठेवायला सांगतात, कारण तिथल्या छिद्रातून औषध नाकात आणि रक्तात उतरतं. बोट दुखत असेल तर तर्जनीच्या पेराची कड टेकवा, तेही जमत नसेल तर नुसते मिटलेले डोळे पुष्कळ काम करतात. टिमोलॉल हे काचबिंदूचं औषध असलेल्या थेंबांच्या बाबतीत हे टाळू नका. ते औषध रक्तात गेलं की नाडी मंदावू शकते आणि दमा असलेल्यांना धाप लागू शकते. दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असल्याचा त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आधीच माहीत असायला हवं.

एकाच डोळ्यात दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी.

प्रेडनिसोलोन अॅसिटेट, ब्रिंझोलामाइड, नेपाफेनॅक ही औषधं द्रवात विरघळलेली नसतात, तळाशी बसतात. न हलवता घातलं तर आधी नुसतं पाणी आणि शेवटी दाट औषध जातं. मनगट झटकता येत नसेल तर बाटली दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवा, मधेमधे उलटीसुलटी करा, वीस-पंचवीस वेळा. तळाशी पांढरा थर उरला नाही ना, ते उजेडात धरून बघा.

वेळ कुठली

आमवातात सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, झिजेत बहुधा अर्ध्या तासात कमी होतो. सकाळी उठल्याउठल्या सातला थेंब घालायचा हट्ट अशा हातांना नको. अंघोळीनंतर, किंवा हात पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण कोरडे करून मग घालावेत. ओल्या हातातून बाटली निसटते. दिवसातून एकदाचं औषध रात्री असेल तर उत्तम, संध्याकाळी बोटं जास्त मोकळी असतात. दोन वेळचं औषध साधारण बारा तासांच्या अंतराने घालायचं असतं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ असं केलं तरी ते साधतं, मात्र बदल डॉक्टरांना सांगून करा.

लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाची बहुतेक कंपन्यांची सीलबंद बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत बाहेर चालते. पण नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घरात २५ अंश कुठून आणणार? तिथे उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच राहू द्या, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गार थेंबाचा एक फायदा असा की तो डोळ्यात पडला की नाही हे नक्की कळतं. न कळल्यामुळे दुसरा-तिसरा थेंब घालणं थांबतं.

बाटलीचा हिशोब

थेंब खरोखर डोळ्यात जातो आहे का, हे तपासायला साधं गणित आहे. १ मिलीत साधारण २० ते ३० थेंब धरा. ५ मिलीच्या बाटलीत १०० ते १५०. दोन्ही डोळ्यांत दोन वेळा म्हणजे दिवसाला चार थेंब, तर बाटली २५ ते ३७ दिवस पुरायला हवी. ती बारा दिवसांतच संपत असेल तर निम्म्याहून जास्त औषध गालावर जातं आहे, पकड बदला. दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकताहेत. सुरू केलेल्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवली की हा हिशोब कुणालाही सांगता येतो, आणि त्यात कुणावर आरोपही होत नाही.

छोट्या व्हायल आणि मलमाच्या नळ्या

एका वेळेपुरतं औषध असलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या, म्हणजे व्हायल, दाबायला मऊ असतात, पण त्यांचं टोक पिळून तोडणं अंगठ्याला अवघड. टोकाची चपटी पट्टी अक्रोडाच्या चिमट्यात अडकवून व्हायल फिरवली की सुटते. तुटलेल्या कडेला कंगोरा राहतो, म्हणून पहिला थेंब बाहेर टाका आणि ती कड डोळ्यापासून लांब ठेवा. घरातल्या कुणी सकाळी दिवसभराच्या व्हायल आधीच तोडून ठेवायच्या, ही सोय मला पटत नाही. त्यात संरक्षक द्रव्य नसतं, उघडी राहिली की ती दूषित होते.

मलमाची नळी टूथपेस्ट पिळायच्या चावीने शेवटाकडून गुंडाळत आणता येते. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं मलम पुरतं. तरीही वाकड्या बोटांनी स्वतःच्या डोळ्यात मलम घालणं हे या सगळ्यात सर्वांत कठीण काम आहे. ते रात्री एकदाच असेल तर घरच्या माणसाकडून घालून घ्यावं. घालणाऱ्याने डोक्याच्या मागे उभं राहावं आणि झोपलेल्याच्या कपाळावर मनगट टेकवावं, समोरून येऊ नये. समोरून येणारी बाटली दिसली की डोळा मिटतोच.

डॉक्टरांना काय सांगायचं

डोळ्यांच्या तपासणीत हात कुणी बघत नाही. म्हणून आपणच सांगायचं, आणि नेमकं सांगायचं: झाकण उघडत नाही, की दाब जमत नाही, की नेम चुकतो. “थेंब घालतोय” एवढंच सांगितलं आणि डोळ्यातला दाब मात्र उतरलेला नाही, तर डॉक्टर आणखी एक बाटली वाढवतील. अडचण बाटलीची आणि इलाज अजून एका बाटलीचा, असं होतं.

मार्ग बरेच आहेत. काचबिंदूची दोन औषधं एकाच बाटलीत मिळतात, डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल, किंवा ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल. त्याने बाटल्या आणि वेळा दोन्ही कमी होतात. तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या मऊ बाटलीत मिळू शकतं. दुकानात दोन-तीन बाटल्या हातात घेऊन दाबून बघायला मागा. काचबिंदूच्या उघडकोनी प्रकारात लेसरचा पर्यायही आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत, लेसरने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७४ टक्के तीन वर्षांनी थेंबांशिवाय होते. तो सगळ्यांना लागू पडत नाही आणि परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो. पण हात चालत नसताना “मला लेसर चालेल का?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पुढच्या भेटीला जाताना स्वतःची बाटली पिशवीत घ्या, झाकणावरच्या रबरबँडसकट. तपासणीच्या खोलीत आडवं होता येत असेल तर आडवे व्हा, नसेल तर खुर्चीतच, मान मागे न टाकता, नेहमी घालता तसा एक थेंब त्यांच्यासमोर घालून दाखवा. आधी सांगून ठेवा, म्हणजे वंगणाचा साधा थेंब वापरता येईल आणि औषधाचा जास्तीचा थेंब डोळ्यात जाणार नाही.